रामचंद्रन यांच्या नावाने व्याख्यानमाला काढताय? आधी दोन पुठ्ठे कापा

प्रश्न नागपुरातल्या एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या तरुण सहकाऱ्याचा आहे. विद्यापीठातल्या विभागाला सोबत घेऊन जैवभौतिकीतले मोठे शास्त्रज्ञ जी. एन. रामचंद्रन यांच्या नावाने दरवर्षी व्याख्यानमाला घ्यायची आहे. ८ ऑक्टोबरला, म्हणजे त्यांच्या जन्मदिनी, एकाच दिवसात तीन व्याख्याने ठेवायची असे ठरते आहे. एका देणगीदाराने पाच लाख रुपये देऊ केले आहेत. विषय कोणते, वक्ते कसे निवडायचे, पैसे पुरतील का, आणि ‘मद्रासच्या माणसाची माला नागपुरात कशाला’ असे विचारणाऱ्यांना काय सांगायचे?

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तुमच्या बैठकीत तोच आधी निघणार आहे. कोणीतरी जगदीशचंद्र बोसांचे नाव सुचवेल, कोणीतरी विदर्भातलाच माणूस हवा म्हणेल. त्यांना सांगायला एक बारीक धागा आहे: रामचंद्रन यांचे गुरू सी. व्ही. रामन १९१०च्या सुमारास वित्त खात्यातले अधिकारी म्हणून नागपुरात नोकरीला होते. गांधीसागर तलावासमोरच्या विज्ञान केंद्राला त्यांचेच नाव आहे. पुढे १९४२ साली रामचंद्रन बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत विद्युत अभियांत्रिकी शिकायला आले तेव्हा रामन यांनी त्यांना भौतिकशास्त्रात ओढून घेतले. हा मुलगा तुमच्या विभागाला जरा जास्तच हुशार आहे, असे रामन तिकडच्या प्रमुखांना म्हणाले, अशी गोष्ट सांगतात. निवेदनात हे एका वाक्यात येऊ द्या आणि पुढे चला. या धाग्यावर अख्खी माला टांगू नका, तुटेल.

खरे उत्तर सिकलसेल आहे, म्हणजे तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक आजार. विदर्भात शिकवताना समोरच्या शंभर पोरांत कोणाच्या तरी घरी हा आजार असतोच. कोणी स्वतः ‘एएस’ म्हणजे नुसते वाहक असते, कोणाचा भाऊ ‘एसएस’, म्हणजे आजारी. हिमोग्लोबिन हे रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारे प्रथिन; त्याच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनाचे मणी, असतात. त्यातले सहावे बदलते, ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येते, आणि तेवढ्यावर एखाद्या कुटुंबाचे पिढ्यान्‌पिढ्यांचे दुखणे उभे राहते. १९४९ साली अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी विद्युत क्षेत्रात निरोगी आणि सिकलसेलचे हिमोग्लोबिन वेगवेगळ्या वेगाने सरकते हे दाखवले आणि याला ‘रेणूचा आजार’ म्हटले. एखाद्या रोगाचे मूळ रेणूपर्यंत नेऊन दाखवण्याची ती पहिली वेळ. त्याच पॉलिंगच्या कामाचा धागा पकडून रामचंद्रन मद्रासमध्ये प्रथिनांच्या घडणीकडे वळले. नागपुरात जैवभौतिकीची माला का, हे याहून वेगळे सांगावे लागत नाही.

दुसरे एक उत्तर ‘मेडिकल’च्या, म्हणजे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, आवारात आहे, धंतोली-रामदासपेठेतल्या प्रत्येक मोठ्या दवाखान्यातही आहे. रामचंद्रन आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांनी १९७१ साली एक गणिती रीत मांडली. शरीराच्या आरपार वेगवेगळ्या कोनांतून घेतलेल्या क्ष-किरणांच्या सावल्यांवरून आतला छेद कसा उभा करायचा, याची. सावल्या नुसत्या उलट दिशेने पसरवल्या तर चित्र धुरकट येते. आधी प्रत्येक सावलीच्या कडा एका ठरावीक गाळणीतून धारदार करून घेतल्या आणि मग पसरवल्या तर चित्र स्वच्छ येते. त्याआधीच्या रीतीत फूरिये रूपांतराचा मोठा हिशेब करावा लागे, तो यात वाचला. सीटी स्कॅनच्या पुस्तकांत ही गाळणी अजून ‘राम-लाक’ या नावाने येते. राम म्हणजे आपले रामचंद्रन. रोज सीटी करणाऱ्या कित्येक तंत्रज्ञांना हे ठाऊक नसते. सांगितले की त्यांचा चेहरा बघण्यासारखा होतो.

आता तुमच्या आराखड्याबद्दल. तीन व्याख्याने एका दिवसात, हे मला पटलेले नाही.

मी अशा माला वीसेक वर्षे चालवल्या, काही बुडतानाही पाहिल्या. एका संस्थेत पहिल्या वर्षी तीन वक्ते, दीपप्रज्वलन, अकरा जणांचा शाल-श्रीफळ सत्कार. पाहुण्यांची ओळख करून देणाऱ्याने पंचवीस मिनिटे घेतली. तिसरा वक्ता बोलायला उभा राहिला तेव्हा साडेपाच वाजून गेले होते आणि पोट्टे मागच्या दाराने बसस्टँडकडे निघाले होते. तो माणूस दोन दिवसांचा प्रवास करून आला होता. चौदा श्रोत्यांपुढे बोलला, आणि बोलला मात्र अप्रतिम. दुसऱ्या वर्षी दोन वक्ते, तिसऱ्या वर्षी एक, चौथ्या वर्षी फक्त फोटोला हार. तेव्हापासून माझा नियम एकच. ज्याच्या नावाने माला आहे त्याचे निदान एक काम श्रोत्याच्या हातातून गेले पाहिजे. डोळ्यांसमोरून गेले एवढ्याने भागत नाही, हातातूनच जायला हवे.

रामचंद्रन यांच्या बाबतीत हे आश्चर्यकारक सोपे आहे. त्यांचे सगळ्यात गाजलेले काम पुठ्ठा आणि फूटपट्टीने करता येते. ते कसे, हे जरा सविस्तर सांगते, कारण माझ्या मते तुमच्या मालेचे पहिले वर्ष यावरच उभे राहील.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. दोन मण्यांना जोडणारा जो पेप्टाइड बंध, त्याच्या आजूबाजूचे सहा अणू एका सपाट पातळीत राहतात, हे पॉलिंग यांनी आधीच सांगितले होते. म्हणजे साखळी ही सपाट पत्त्यांची रांग झाली, आणि दोन पत्ते एका कार्बनपाशी जोडलेले. त्याला अल्फा कार्बन म्हणतात. तिथे फक्त दोन वळणे शक्य असतात: एक फाय, दुसरे साय. रामचंद्रन, सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन यांनी विचारले, की या दोन कोनांच्या कुठल्या जोड्यांत अणू एकमेकांवर आदळत नाहीत? बस, एवढाच प्रश्न. मेजावरच्या गणकयंत्रांवर हिशेब करून त्यांनी १९६३ साली उत्तर छापले. आज जगभर त्याला रामचंद्रन आलेख म्हणतात.

तुम्ही काय करायचे? जाड पुठ्ठ्याचे दोन पत्ते कापा. प्रमाण एक अँगस्ट्रॉमला (अणूंची अंतरे मोजायचे एकक, सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग) दोन सेंटिमीटर धरा. मग एका पत्त्यावरच्या दोन अल्फा कार्बनांतले अंतर, जे खरे ३.८ अँगस्ट्रॉम आहे, ते ७.६ सेंटिमीटर होईल. दोन्ही पत्ते एका कोपऱ्यात सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबच्या तुकड्याने आणि आगकाड्यांनी जोडा, म्हणजे दोन्ही काड्यांभोवती फिरवता येतील. ऑक्सिजन, हायड्रोजन, नायट्रोजनच्या जागी रंगीत मणी चिकटवा. अल्फा कार्बनला एक काडी बाहेर काढून तिच्या टोकाला बीटा कार्बनचा मणी लावायला विसरू नका. तो विसरलात तर तुमचे सगळे अमिनो आम्ल ग्लायसिन (बीटा कार्बन नसलेले, सगळ्यात लहान अमिनो आम्ल) होऊन बसेल, आणि हो, तो घोटाळा मी स्वतः केलेला आहे. आता फूटपट्टी घ्या. जे अणू थेट किंवा एकाआड एक जोडलेले नाहीत त्यांच्यातले अंतर मोजायचे. दोन कार्बन ३.२ अँगस्ट्रॉमपेक्षा, म्हणजे इथे ६.४ सेंटिमीटरपेक्षा जवळ आले तर गैरसोय, ३.०च्याही आत आले तर ती जोडी बाद. दोन हायड्रोजनसाठी हीच हद्द २.० आणि १.९. बाकीच्या जोड्यांचे आकडे कुठल्याही संरचनात्मक जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात सापडतील.

दोन्ही कोन उणे १८०पासून अधिक १८०पर्यंत, ३० अंशांच्या पायरीने घेतले तर १२ गुणिले १२ म्हणजे १४४ घरे होतात. छत्तीस विद्यार्थी बसवा, प्रत्येकाला चार घरे. प्रत्येकाने आपल्या घरात बरोबर किंवा फुलीची खूण करायची आणि मग भिंतीवरच्या मोठ्या आलेखावर येऊन रंग भरायचा. तासाभरात बहुतेक कागद फुल्यांनी भरतो. उरतात ती दोन बेटे डावीकडे, एक वर, एक खाली, आणि उजवीकडे वरच्या बाजूला एक लहानसा ठिपका. खालच्या बेटात उणे ५७ आणि उणे ४७च्या आसपास अल्फा मळसूत्र, म्हणजे साखळीची स्प्रिंगसारखी घडी, बसते. वरच्या बेटात बीटा पट्टा, म्हणजे ताणलेली साखळी. पोरांनी स्वतः रंगवलेल्या कागदावर निसर्गाचे दोन लाडके आकार आपोआप वर येतात, तो क्षण मी कधी वाया जाताना पाहिलेला नाही. बीएस्सीच्या पहिल्या वर्षाचे पोट्टेसुद्धा पुढे सरकून बघतात.

एक सावधगिरी. कोणीतरी उत्साहाने १९६३च्या मूळ लेखातला आलेख मोठा करून भिंतीवर लावेल. त्या वेळी कोन ०पासून ३६०पर्यंत मोजत आणि शून्य धरण्याची जागा वेगळी होती; आजची पद्धत पुढे १९७०च्या सुमारास ठरली. बेटे भलतीकडे दिसतील, आणि पहिल्या रांगेतला एखादा निवृत्त प्राध्यापक तेवढ्यावरून वीस मिनिटे खाईल. मूळ आलेख लावायचाच तर शेजारी आजचाही लावा.

हे काम सायंकाळच्या व्याख्यानाआधी दुपारी घ्या. मग व्याख्यान एकच ठेवा, ५० मिनिटांचे, आणि त्यानंतर प्रश्नांना पूर्ण अर्धा तास. मराठी श्रोता व्याख्यान ऐकण्यात तयार आहे. पुण्यातली वसंत व्याख्यानमाला १८७५पासूनची आहे, आणि विदर्भातही गावोगावी चांगला वक्ता आला की लोक सतरंजीवर तास-दीड तास बसतात. त्यांना विज्ञान नको असते असे नाही. आपण ते इंग्रजी स्लाइडांच्या मागे लपवतो. वक्ता इंग्रजीत बोलणारा असेल तर हरकत नाही, पण आधीची दहा मिनिटे तुमच्यापैकी कोणीतरी मराठीत विषयाचा पाया घाला आणि दोन बाजूंचे एक मराठी टिपण दारात वाटा. ‘कंडरा’, ‘मळसूत्र’, ‘साखळी’ हे शब्द वापरा. प्रोटीनला प्रोटीन म्हटले तरी चालेल, त्याला ‘प्रथिन’ म्हणण्याचा हट्ट श्रोत्याला दूर लोटत असेल तर सोडून द्या.

विषयांचे म्हणाल तर पहिली तीन वर्षे मी अशी लावेन. पहिल्या वर्षी आलेखच, आणि आज त्याचे काय झाले. २०२४चे रसायनशास्त्राचे नोबेल नवी प्रथिने घडवणे आणि प्रथिनांच्या रचनेचे भाकीत यांनाच मिळाले, डेव्हिड बेकर, डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना. संगणकाने भाकीत केलेली रचना असो की प्रयोगशाळेत मोजलेली, ती तपासताना अजूनही किती अमिनो आम्ले या आलेखाच्या निषिद्ध भागात पडली ते मोजतात. साठ वर्षांपूर्वीचा हिशेब आजच्या यंत्राची परीक्षा घेतो, हे तरुण मुलांना सांगावेच लागते.

दुसऱ्या वर्षी कोलॅजन, म्हणजे कातडी, हाडे आणि कंडरा यांतले मुख्य प्रथिन. इथे गोष्टही आहे आणि भांडणही. १९५२ साली रामचंद्रन मद्रास विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्रमुख म्हणून आले, तिशीही पुरती उलटली नव्हती. ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल तिथे आले असताना कोलॅजनची रचना अजून कोणाला उलगडलेली नाही, असे बोलणे निघाले. शेजारीच चामडे संशोधन संस्था होती आणि चामडे म्हणजे कोलॅजनच. कांगारूच्या शेपटीतल्या कंडरेची (स्नायू हाडाला जोडणारा पट्टा) क्ष-किरण चित्रे विशेष चांगली निघाली. त्यावरून १९५४ साली गोपीनाथ कर्ता यांच्यासह त्यांनी तीन धाग्यांची रचना मांडली, आणि पुढच्या वर्षी ते तीन धागे एकमेकांभोवती पिळलेले आहेत अशी सुधारणा केली. फ्रान्सिस क्रिक आणि अलेक्झांडर रिच या शास्त्रज्ञांनी आक्षेप घेतला की यात काही अणू फारच जवळ येतात. रामचंद्रन चिडून बसले नाहीत. ‘फारच जवळ’ म्हणजे नेमके किती, हे त्यांनी ज्ञात स्फटिकांच्या नोंदी चाळून काढायला घेतले. आलेखाचा जन्म त्या आक्षेपातून झाला. तीन धाग्यांची मूळ कल्पना टिकली, बारकावे दुरुस्त झाले. निवेदनात हे सगळे आले पाहिजे, आक्षेपासकट. आपल्याकडे गौरवाच्या भाषणांत नेमका तोच भाग गाळला जातो. सभागृहात सुतळीचे तीन पदर पिळून दाखवा आणि सांगा की पिळाच्या मधोमध इतकी कमी जागा उरते की तिथे दर तिसरा मणी ग्लायसिन, म्हणजे सगळ्यात लहान, असावाच लागतो. त्या जागी मोठा मणी आला की हाडे काचेसारखी ठिसूळ होतात. असा जन्मजात आजार आहे. ऑर्थोपेडिकचे डॉक्टर श्रोत्यांत असतील तर चर्चा तिथून आपोआप पेटेल.

तिसऱ्या वर्षी सिकलसेल. तोवर तुमचा श्रोता तयार झालेला असेल. तेव्हाच त्याला एक अवघड गोष्ट सांगता येईल: रामचंद्रन आलेखावर निरोगी आणि सिकलसेलचे हिमोग्लोबिन जवळजवळ सारखेच दिसते. साखळीच्या कण्याची घडी बिघडलेलीच नसते. बिघडते ते पृष्ठभागावर. ऑक्सिजन सुटला की ते एक व्हॅलिन शेजारच्या रेणूवरच्या खोबणीत जाऊन बसते, रेणूला रेणू चिकटून दोर तयार होतात आणि पेशी विळ्यासारखी वाकते. आपल्या नायकाचे साधन कुठे उपयोगी पडत नाही, हेही त्याच्याच मालेत सांगितले गेले तर मला ती खरी माला वाटेल. या व्याख्यानाला वक्त्याबरोबर सिकलसेलच्या रुग्णांसोबत काम करणारा एखादा डॉक्टर किंवा समुपदेशक मंचावर असू द्या. मात्र रुग्णाला मंचावर बोलावून ‘अनुभव सांगा’ म्हणू नका. लग्न जुळवताना ही माहिती कशी वापरली जाते ते आपल्याला ठाऊक आहे.

सीटीचा विषय चौथ्या वर्षाला ठेवा, रेडिओलॉजीवाल्यांना आधीपासून गाठून.

वक्ता निवडताना पदाकडे बघू नका. कुलगुरू, संचालक हे स्वागताला ठीक. बोलायला असा माणूस आणा जो अजून स्वतः आकडेमोड करतो किंवा प्रयोगशाळेत उभा राहतो, मग तो तिशीतला असला तरी चालेल. पत्र लिहिताना श्रोता कोण आहे ते स्पष्ट लिहा, आणि दुपारी मुलांनी केलेला आलेख बघायला तासभर आधी या म्हणावे. चांगले वक्ते या एका वाक्याने हो म्हणतात. आणि ‘नोबेल हुकलेले रामचंद्रन’ हा सूर निवेदनातून काढून टाका. त्यांना १९६१चे भटनागर पारितोषिक मिळाले, १९७७ साली रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले, १९९९ साली स्फटिकशास्त्रातले एवाल्ड पारितोषिक मिळाले. हळहळ कशाची करायची?

पैशांचा हिशेब रोखठोक आहे. पाच लाखांची ठेव सात टक्क्यांनी ठेवली तर वर्षाला ३५,००० मिळतील. त्यातले सात हजार दरवर्षी मुद्दलात परत टाका, नाहीतर दहा वर्षांनी त्या व्याजात चहासुद्धा होणार नाही. उरले २८,०००. यात एका बाहेरगावच्या वक्त्याचा विमानप्रवास, विश्रामगृहातल्या दोन रात्री, थोडे मानधन, टिपणांची छपाई, पुठ्ठे, मणी आणि दुपारचे तर्री-पोहे बसतात. तीन वक्ते बसत नाहीत. शालींवर एक रुपया घालू नका. संत्रा बर्फीचा डबा द्या, पाहुणा आनंदाने घरी नेतो. देणगीपत्रात दोन गोष्टी आत्ताच लिहून घ्या: वक्ता ठरवण्यात देणगीदाराचा हात नसेल, आणि एखाद्या वर्षी व्याख्यान झाले नाही तर व्याज दुसरीकडे वळणार नाही. अ‍ॅडव्हान्स उचलणाऱ्या शिक्षकाने व्हाउचर महिन्याच्या आत जमा करावीत. माझे एक प्रवासभत्त्याचे (टीए) बिल सव्वा वर्ष एका टेबलावर पडून होते, कारण बोर्डिंग पासाची झेरॉक्स जोडली होती, मूळ नव्हता.

तारीख. ८ ऑक्टोबरचा मोह सोडा. दसरा आणि धम्मचक्र प्रवर्तन दिन त्याच सुमारास येतात, दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात, गाड्या आणि खोल्या मिळत नाहीत. २०१९ साली तर दसरा नेमका ८ ऑक्टोबरलाच होता. पाठोपाठ दिवाळी, मग हिवाळी परीक्षा. डिसेंबरात विधिमंडळाचे अधिवेशन असले की विश्रामगृहे भरलेली आणि सीताबर्डीकडचे रस्ते बंदोबस्तात. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन म्हणून प्रत्येक महाविद्यालयात कार्यक्रम असतो, तुमचे श्रोते वाटले जातील. मार्चनंतर उन्हाळी परीक्षा आणि ऊन. राहिले संक्रांत ते २६ जानेवारीमधले दिवस. हवा छान, वर्ग भरलेले. वक्ता दिल्लीकडून येणार असेल तर धुक्यासाठी एक दिवस हातात ठेवा.

शेवटचे एक काम, फुकटचे. दारात एक वही ठेवा आणि वेळेअभावी राहिलेले प्रश्न मुलांना त्यात लिहायला सांगा, मराठीत, हिंदीत, जसे सुचतील तसे. दुसऱ्या वर्षीच्या वक्त्याला निमंत्रण धाडाल तेव्हा त्यातले तीन प्रश्न निवडून पत्रासोबत जोडा. पुठ्ठ्याचे मोजमाप अडले तर माझ्याकडे एक जुना जोड आहे, बीटा कार्बनसकट. येऊन घेऊन जा.